पोलवर हात घसरतो तेव्हा

परवा बांबूउडीच्या (पोल व्हॉल्टच्या) प्रॅक्टिसला आमच्यातली एक ज्युनियर मुलगी रनअप अर्ध्यात सोडून परत आली आणि म्हणाली, ताई हात घसरतोय, अजून थोडं स्टिकी मारू का. स्टिकी म्हणजे पकड यावी म्हणून मारतात तो चिकट स्प्रे. मी तिचे हात बघितले तर आधीच एवढं लावलेलं होतं की बोटं उघडताना चरचर आवाज येत होता, त्याच्यावर चॉक (घाम शोषणारी पांढरी पावडर), चॉकवर परत स्टिकी, सगळं मिळून एक राखाडी चिकट थर झालेला. म्हटलं नको, आधी जाऊन हात धुऊन ये, साबणाने, चांगले घासून. तिला ते पटलं नाही हे दिसत होतं, कारण हात घसरत असताना आहे ते स्टिकी पण धुऊन टाकायचं म्हणजे उलटंच वाटतं ना. पण मी स्वतः दोन सीझन हेच केलंय, घसरला की लाव, परत घसरला की परत लाव, आणि ते चांगलंच महागात पडलंय, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

माझं काय झालं होतं ते आधी सांगते. बांबूउडी करायला लागून तिसरं वर्ष होतं, नुकतीच आधीपेक्षा एक नंबर जास्त कडक पोलवर गेले होते आणि ग्रिप, म्हणजे पोल धरायची जागा, तीही वर नेली होती. त्या दिवशी टेकऑफला, म्हणजे पाय जमीन सोडतो तेव्हा, पोल बॉक्समध्ये (पोलचं टोक रोवायच्या जमिनीतल्या खड्ड्यात) बसला आणि वरचा हात साधारण वीतभर खाली घसरला. पूर्ण सुटला नाही, आणि तेच वाईट होतं, कारण पूर्ण सुटला असता तर मी पुढे पळत निघून गेले असते, पण हात चिकटलेलाही होता आणि घसरतही होता. पोल अर्धवट वाकला, लगेच सरळ झाला, मी आडवी फिरले आणि मॅटच्या पुढच्या कडेवर पडले, एक पाय बॉक्सच्या बाजूला. घोटा मुरगळला, सहा आठवडे गेले.

सरांनी बर्फ लावला, सगळं शांत झालं, मग म्हणाले हात दाखव. उजव्या तळहातावर करंगळीच्या मुळापासून अंगठ्याकडे आडवी लाल रेघ उठली होती आणि शेवटी जरासं साल निघालं होतं. सर ते बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "हे घामाचं नाही. तुझे हात वर पोचायच्या आत पोल बॉक्सला लागलाय." तेव्हा मला ते कळलं नाही. मला वाटलं हात घसरला म्हणजे हाताचाच प्रॉब्लेम, त्यात पोल कधी लागला त्याचा काय संबंध.

आज मला विचाराल तर मी सांगेन की हात घसरण्याची कारणं तीन ठिकाणी असतात, पोलवर, हातावर आणि रनअपच्या शेवटच्या तीन पावलांत. आणि आपण सगळे औषध लावतो ते फक्त हाताला.

घसरल्याने जातं काय ते पण बघा. समजा ग्रिप पोलच्या खालच्या टोकापासून ३.९० मीटरवर आहे. बॉक्स मागच्या टोकाला २० सेंटीमीटर खोल असतो, म्हणजे पोल उभा झाला की तुमचा वरचा हात जमिनीपासून ३.७० वर असणार. हात २० सेंटीमीटर घसरला की झाला ३.५०. आता ही उंची तर गेलीच, पण त्याहून मोठं नुकसान असं की ग्रिप खाली आली की तोच पोल जास्त कडक लागतो, वाकायचा तेवढा वाकत नाही, आणि घसरताना रनअपचा वेग पोलमध्ये जायच्या ऐवजी तळहाताच्या सालात जातो. झोका तुटतो. मग पाय वर नेणं वगैरे सगळं विसरा.

तर पहिलं म्हणजे पोल. खरं सांगते, मी जितक्या जणांना हात घसरतो म्हणून तक्रार करताना बघितलंय त्यातल्या निम्म्यांच्या पोलवरची टेप बघूनच कळतं की इथून घसरणार. जुनी टेप, वर काळपट चकचकीत थर, त्यात मागच्या सहा महिन्यांचा घाम, स्टिकी, चॉक आणि हाताचं तेल. त्याच्यावर कितीही नवीन स्टिकी मारा, ते त्या मळाला चिकटतं, पोलला नाही, आणि जोर आला की तो मळच सरकतो. ती टेप काढून टाका. पूर्ण. आणि काढताना एक गोष्ट अगदी हात जोडून सांगते, पोलवर टेप असताना ब्लेड किंवा कात्री फिरवून टेप कापू नका. फायबर ग्लासवर किंवा कार्बनवर नखाएवढी चीर गेली तरी पोल वाकताना ताण त्याच जागी गोळा होतो आणि पोल तिथून तुटू शकतो. हाताने सोला, वेळ लागला तर लागू दे. चिकट राहिलेलं काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे इंजेक्शनच्या आधी कातडी पुसायला वापरतात ना ते, मऊ कापडावर घेऊन पुसायचं, दोन तीनदा, कापड स्वच्छ निघेपर्यंत. पॉलिश पेपरने घासायचं अजिबात नाही, खरखरीत झाला की पकड येईल असं वाटतं पण आपण पोलला चरे पाडत असतो.

मग नवीन टेप. साधी पांढरी कापडी स्पोर्ट्स टेप, जी मनगटाला बांधतात ती चालते. गुंडाळायची खालून वर, म्हणजे खालच्या हाताच्या थोडं खालून सुरू करून वरच्या हाताच्या वरपर्यंत. ह्याला कारण आहे. हात घसरतो तो नेहमी पोलच्या खालच्या टोकाकडे. टेप वरून खाली गुंडाळली तर प्रत्येक वेढ्याची मोकळी कड वरच्या बाजूला येते आणि हात खाली सरकला की ती कड बरोबर नखात किंवा कातडीत अडकून उचकटते, मग तिथे गुंडाळी होते आणि त्या गुंडाळीवरून हात अजून घसरतो. खालून वर गुंडाळली की कड हाताच्या दिशेला उलटी पडते आणि टेप जागेवर राहते. मी हे बघितलंय, एकाच पोलवर दोन्ही पद्धतीने, एकेक आठवडा. वेढा ताणून घ्यायचा, सुरकुती नको, एकावर एक अगदी थोडं यायला हवं. काही जण टेप उलटी, चिकट बाजू बाहेर ठेवून गुंडाळतात, नवीन असताना पकड जबरदस्त येते पण धूळ लगेच धरते, मला नाही जमलं ते.

आणि हो, टेपची जाड रिंग करून त्याला हात अडकवायचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर नियमात बसत नाही. वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सच्या नियमात ग्रिपकडे टेप चालते पण ती एकसारखी पाहिजे, पोलच्या जाडीत अचानक फरक पडेल अशी रिंग चालत नाही. हाताला किंवा पोलला पकडीसाठी काही लावायला मात्र परवानगी आहे, ग्लोव्हजना पण आहे. ग्लोव्हज मी एकदाच घालून बघितले, पोल हातात आहे की नाही तेच कळेना, काढून ठेवले.

पकडीबद्दलचा दुसरा नियम मला फार आवडतो कारण त्याच्या मागे गोष्ट आहे. पाय जमिनीवरून सुटल्यावर खालचा हात वरच्या हाताच्या वर नेता येत नाही आणि वरचा हात अजून वर सरकवता येत नाही, नेला तर ती उडी फाउल. हे आलं कुठून, तर १९ व्या शतकात इंग्लंडमध्ये अल्व्हर्स्टन भागातले खेळाडू पोल उभा राहिला की एकावर एक हात टाकत अक्षरशः त्याच्यावर चढायचे आणि मग आडव्या दांडीवरून जायचे. लाकडी पोल, तो वाकत नाही, मग चढा. म्हणजे त्यांचा सगळा खेळच पकडीचा होता. पुढे चढणं बंद झालं आणि जिथे पहिल्यांदा धराल तिथेच शेवटपर्यंत, असं झालं. अमेरिकेच्या कॉर्नेलियस वॉर्मरडॅमने १९४२ मध्ये ४.७७ मीटरची उडी मारली ती बांबूच्या पोलवर. नंतर फायबर ग्लास आलं, पोल वाकायला लागला, ग्रिप वर वर गेली, आणि १९८५ मध्ये सोव्हिएत युनियनच्या सर्गेई बुबकाने पॅरिसला ६ मीटर पार केले. ग्रिप जितकी वर तितकी प्लांटची, म्हणजे पोल बॉक्समध्ये रोवण्याची, चूक मोठी होऊन हातात येते, म्हणून हे सगळं लिहितेय.

आता हात. हातावर घाम असतो हे सगळ्यांना माहीत असतं पण तेल असतं हे कोणी बघत नाही. मला महिनाभर एक कोडं होतं की सकाळच्या प्रॅक्टिसला हात नीट आणि दुपारच्याला घसरतो, मला वाटायचं ऊन, घाम. एक दिवस लक्षात आलं की दुपारी मी मैदानावर येऊन सनस्क्रीन लावते, आणि लावते कशाने, तळहाताने. मग वरवर पुसून चॉक लावते. क्रीमच्या थरावर चॉक, ते टिकणार कसं. तेव्हापासून सनस्क्रीन घरून लावून निघते आणि मैदानावर परत लावायचं झालं तर हाताच्या मागच्या बाजूने लावते, आणि पहिल्या उडीच्या आधी साबणाने हात. एवढ्यावर माझा निम्मा त्रास गेला.

चॉक आणि स्टिकी ह्यांची कामं वेगळी आहेत हे पण नीट समजून घ्या. चॉक म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, ते घाम शोषून घेतं, चिकटवत नाही. स्टिकी स्प्रे किंवा राळेचं काही असेल तर ते चिकटवतं. घाम येणारा हात असेल तर आधी चॉक, नीट चोळून, टाळी वाजवून जास्तीचं झटकून टाकायचं, कारण जाड राहिलेली पावडर हात आणि पोल यांच्यामध्ये बारीक गोळ्यांसारखी फिरते आणि घसरवते. लिक्विड चॉक त्या मानाने बरं, त्यातलं अल्कोहोल उडून गेलं की पातळ एकसारखा थर राहतो. ज्यांचे हात मुळात कोरडे त्यांना चॉकने उलट घसरायला होतं, त्यांनी थोडं स्टिकीच लावावं. आणि स्टिकी हाताला लावण्यापेक्षा पोलच्या टेपवर लावलेलं मला जास्त पटतं, लांबून एक पातळ फवारा, मग अर्धा एक मिनिट थांबायचं, बोट लावून बघायचं, ओलं लागत असेल तर अजून थांबायचं. ओलं स्टिकी वंगणासारखं वागतं. थंडीत ते कडक होतं, मग हाताच्या उबेने पोल जरा चोळून घ्यायचा. कडक उन्हात पातळ होऊन वाहतं, टेपचा गोंद पण सुटतो, म्हणून दोन उड्यांच्या मध्ये पोल सावलीत किंवा निदान टॉवेलखाली ठेवायचा. स्पर्धेत बरेच जण शिल्लक असताना नाव पुकारल्यावर एकच मिनिट मिळतं, त्यात हे सगळं करायला बसाल तर रनअप घाईत होणार, नाव यायच्या आधीच उरकून ठेवा.

जास्त स्टिकी का नको ते माझ्या मते सगळ्यात कमी बोललं जातं. बघा, पळताना पोल हातात ज्या पद्धतीने धरलेला असतो त्या पद्धतीने तो टेकऑफला नसतो. उजवा हात कमरेजवळ असतो, तिथून तो कानाजवळून डोक्यावर जातो, आणि ह्या प्रवासात पोलवर मूठ फिरते. फिरलीच पाहिजे. मग वर गेल्यावर शरीर वळतं तेव्हा दोन्ही हात परत फिरतात, आणि शेवटी खालचा हात आधी आणि मग वरचा हात सुटावा लागतो. हात गोंद लावल्यासारखा चिकटला असेल तर मूठ फिरत नाही, पोल मनगटाला पिळतो, मनगट वाकडं राहतं, आणि वाकड्या मनगटाने धरलेला पोल पहिल्या धक्क्याला सरकतो. म्हणजे स्टिकी जास्त झालं म्हणून घसरला, आणि घसरला म्हणून आपण अजून लावलं. त्या मुलीचं नेमकं हेच चाललं होतं.

म्हणून सरांचं ते वाक्य, की हात वर पोचायच्या आत पोल बॉक्सला लागलाय. शेवटची तीन पावलं घ्या, उजव्या हाताने वर धरणाऱ्यांसाठी डावं, उजवं, डावं. पहिल्या डाव्याला उजवा हात कमरेवरून निघाला पाहिजे, उजव्याला कानाजवळ आणि शेवटचं डावं जमिनीला लागायच्या आत दोन्ही हात वर, उजवा हात पूर्ण सरळ डोक्याच्या वर. पोल बॉक्सच्या मागच्या भिंतीला लागेल तेव्हा हात आधीच उंच असतील तर धक्का हातातून खांद्यात, खांद्यातून अख्ख्या अंगात जातो, आणि तेवढा भार शरीर घेतं. हात अजून चेहऱ्यासमोर असताना पोल लागला तर कोपर वाकलेलं असतं, सगळा झटका एकट्या मुठीवर येतो, आणि कोणाचीही मूठ तेवढी ताकदवान नसते. दुसरं म्हणजे टेकऑफचा पाय. तो वरच्या हाताच्या बरोबर खाली किंवा किंचित मागे पडायला हवा. बॉक्सच्या जास्त जवळ पडला की हात वर जायला वेळच उरत नाही, पोल उलटा आपल्याला मागे खेचतो आणि हात खाली सरकतो. हे स्वतःला कळत नाही, जाणवतं फक्त घसरलेलं, म्हणून कोणाला तरी बाजूने मोबाईल धरायला सांगा आणि पाय जमिनीला लागतो त्या क्षणी व्हिडिओ थांबवून मनगटापासून खाली सरळ रेघ धरून बघा. माझ्या जुन्या व्हिडिओत पाय जवळजवळ दीड बुटाएवढा आत, म्हणजे बॉक्सकडे, होता. घोटा बरा झाल्यावर मी दोन महिने फक्त चालत प्लांट, मग तीन पावलांचा रनअप आणि दोन मुठी खाली ग्रिप, एवढंच केलं. कंटाळा आला, रडू पण आलं, पण हात घसरायचा थांबला, आणि स्टिकी तेच होतं.

धरायचं कसं त्याबद्दल थोडंच सांगते. दोन हातांत अंतर खांद्यांच्या रुंदीएवढं किंवा किंचित जास्त. फार जवळ धरलं तर पोलचं टोक हलत राहतं, फार लांब धरलं तर वरचा हात पूर्ण वर जातच नाही. पळताना मूठ आवळून धरू नका, खालचा हात टेकू आहे आणि वरचा दाबणारा, बोटं हलवता आली पाहिजेत. सुरुवातीपासून आवळलेली मूठ टेकऑफपर्यंत दमलेली असते आणि खांदे कानापर्यंत चढलेले असतात. आवळायचं ते हात वर जाता जाता. आणि पोल बोटांच्या टोकात नको, बोटांच्या मुळाशी बसला पाहिजे, अंगठा वरून गुंडाळलेला.

ताकद लागते का, लागते, पण हॅन्ड ग्रिपर दाबत बसण्यापेक्षा लटका. पोल पुलअपच्या बारपेक्षा सहसा जाड असतो, म्हणून बारवर टॉवेल टाकून त्याला धरून लटकायचं, किंवा दोरीवर चढायचं, आणि लटकताना पाय पुढेमागे झुलवायचे कारण आपल्याला नुसतं लटकायचं नसतं, झोका घेताना टिकायचं असतं. आठवड्यातून दोनदा पुष्कळ झालं, मोठ्या उड्यांच्या आदल्या दिवशी नको.

घट्टे वाढू देऊ नका. थोडे हवेतच, पण कडा उंच झाल्या की पोल फिरताना तिथेच चिमटा बसतो आणि साल अख्खं निघतं. आंघोळीनंतर मऊ असताना पाय घासायच्या दगडाने सपाट करायचे आणि रात्री क्रीम. रात्रीच, सकाळी नाही. पाऊस असेल तर दोन टॉवेल ठेवा, एक पोलला एक हातांना, आणि ग्रिप मूठभर खाली घ्या, त्यात काही कमीपणा नाही. आणि पोल घेऊन पळताना शेवटी शेवटी हात जागेवर वाटला नाही तर उडी मारू नका, सरळ पळत बाजूने निघून जा. स्पर्धेत सुद्धा. अंग किंवा पोल बॉक्सच्या मागच्या कडेच्या पलीकडे टेकला नसेल आणि घड्याळात वेळ उरला असेल तर परत येऊन पळता येतं.

त्या ज्युनियर मुलीचं सांगायचं राहिलं. हात धुऊन आली, आम्ही दोघींनी बसून तिच्या पोलची टेप सोलली, चार थर निघाले, सगळ्यात आतला तर पिवळा पडला होता. नवीन गुंडाळली. पहिल्या उडीला परत घसरली, थोडी. मग मी व्हिडिओ काढला, तिचा पाय एक बूट आत पडत होता. रनअपची खूण दीड बूट मागे नेली आणि ग्रिप मूठभर खाली. तिसऱ्या उडीनंतर मॅटवरून उतरली तीच स्वतःचे तळहात बघत आणि मला दाखवत, उजव्या हाताला बोटांच्या मुळाशी सरळ पांढरा चॉकचा पट्टा होता, न पुसलेला, न फाटलेला. उद्या तिला पाच पावलांवर घेणार आहे.